वस्तीत संगणक केंद्र सुरू करताना : सोलापूरच्या अनुभवातून नवख्यांसाठी मार्गदर्शन

सोलापूरच्या पूर्व भागात, नीलम नगर आणि विडी घरकुलाच्या परिसरात किंवा कुंभारीच्या माळावर वसलेल्या कामगार वसाहतींत मुलांसाठी संगणक केंद्र काढावे, अशी इच्छा असलेली माणसे अधूनमधून भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : संगणक किती घ्यावेत? हा लेख अशा मंडळींसाठी आहे, पण संगणकांचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. ज्यांच्यासाठी केंद्र काढायचे त्या मुलामुलींचा दिवस कसा जातो हे न पाहता सुरू केलेली केंद्रे सहा महिन्यांत ओस पडलेली मी पाहिली आहेत. केवळ यंत्रे कमी होती म्हणून बंद पडलेले केंद्र मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आधी वस्तीचा दिवस पाहा

विडी कामगाराच्या घरातला दिवस तेंदूपत्ता आणि तंबाखू यांच्याभोवती फिरतो. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, नवीन पाने-तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कापायची आणि पुन्हा वळायला बसायचे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे घरातल्या मोठ्या मुलीचा हात थांबला की हजाराचा आकडा मागे पडतो. यंत्रमागावर जाणाऱ्या घरात दिवसपाळी आणि रात्रपाळी ठरवते की जेवण केव्हा होणार आणि एका खोलीत कोण केव्हा झोपणार. या वेळापत्रकात तुमच्या केंद्राचा तास कुठे बसतो, हे बाहेरून कळत नाही.

आम्ही सुरुवातीला केंद्राची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ ठेवली होती, कारण शिकवायला येणाऱ्या आम्हा लोकांना तीच सोयीची होती. पहिल्या महिन्यात तरुण मुलांनी खोली भरली आणि मुलगी एकही आली नाही. ती वेळ स्वयंपाकाची होती, विड्या पुऱ्या करण्याची होती आणि अंधार पडल्यावर मुलीला बाहेर न सोडण्याची होती, हे आम्हाला एका आईने दारातच सांगितले. त्यानंतर आम्ही दुपारी साडेबारा ते तीन ही वेळ केवळ मुलींसाठी आणि शाळेतून परतणाऱ्यांसाठी चार ते सहा अशी ठेवली, तेव्हा कुठे खोलीत मुली दिसू लागल्या. ही चूक टाळता आली असती; दोन आठवडे घरोघरी जाऊन विचारण्याएवढेच काम होते.

म्हणून जागा किंवा पैसा शोधण्यापूर्वी निदान चाळीस-पन्नास घरांत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात आणि वहीत लिहून घ्याव्यात. घरातल्या मुलाला किंवा मुलीला दिवसात कोणता दीड तास खरोखर मोकळा असतो? तिने केंद्रात यावे यासाठी घरातल्या कोणाचा होकार लागतो? आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत ऑनलाइन करावे लागणारे कोणते काम अडले किंवा त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागले? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे नीट जपून ठेवावीत, कारण तुमच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम त्यांतूनच निघतो. आमच्या वहीत भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरील नाव आणि आधारवरील नाव न जुळणे, शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहणे, अकरावी किंवा आयटीआयच्या प्रवेशफेरीची तारीख निघून जाणे आणि पेन्शन घेणाऱ्या आजीचा हयातीचा दाखला ही चार कामे पुन्हा पुन्हा आली.

जागा

जागा वस्तीच्या आत असावी. रिक्षाचे पैसे लागले की मुलींचे येणे थांबते, आणि गावापासून दूर असलेल्या कुंभारीसारख्या ठिकाणी तर शहरातले केंद्र कितीही चांगले असले तरी निरुपयोगी ठरते. समाजमंदिर, सार्वजनिक वाचनालय, अभ्यासिका, एखाद्या मंडळाची खोली किंवा शाळेचा दुपारनंतर रिकामा असलेला वर्ग यांपैकी काहीही चालेल. मालकाशी किंवा संस्थेशी निदान अकरा महिन्यांचे लेखी पत्र करावे आणि त्यात वेळ, वीजबिल आणि किल्ली कोणाकडे राहील हे स्पष्ट लिहावे.

दोन गोष्टी मात्र सोलापुरात विशेष पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूसही टिकत नाही, यंत्र तर नाहीच. म्हणून स्लॅबची, शक्यतो तळमजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली खोली घ्यावी. दुसरी म्हणजे सुताची पिंजर. शेजारी माग चालत असतील तर कापसाचे बारीक तंतू हवेतून येऊन संगणकाच्या पंख्यावर जाळीसारखे बसतात, पंखा अडतो, यंत्र तापते आणि आपोआप बंद पडू लागते. अशा वेळी दुरुस्तीवाला एखादा महागडा भाग बदलायला सांगण्याची शक्यता असते, पण खरा उपाय महिन्यातून एकदा खोका उघडून ब्लोअरने साफ करणे हा आहे. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे. यंत्राच्या आत पाहिलेले मूल यंत्राला घाबरत नाही.

यंत्रे, वीज आणि इंटरनेट

सुरुवातीला पाच किंवा सहा संगणक पुरेत. जुने, कार्यालयांतून काढलेले डेस्कटॉप चालतात, फक्त त्यांत ८ जीबी मेमरी आणि जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी वेगवान चकतीविरहित डिस्क, बसवलेली असावी. या एका बदलाने जुने यंत्र अनेक वर्षे कामाचे राहते. देणगी म्हणून आलेली यंत्रे चालू करून पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत. आम्हाला एकदा एका देणगीदाराकडून बारा संगणक मिळाले आणि त्यांतले चारच सुरू झाले. उरलेल्या आठांनी खोलीचा कोपरा वर्षभर अडवला, कारण बिघडलेले संगणक हा ई-कचरा असतो आणि तो भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवावा लागतो.

विजेचा हिशेब आधीच मांडून ठेवावा. डेस्कटॉप आणि त्याचा पडदा मिळून साधारण १०० वॅट धरले तर सहा यंत्रांना ६०० वॅट लागतात. रोज पाच तास आणि महिन्याला पंचवीस दिवस केंद्र चालले तर केवळ यंत्रांचेच महिन्याला ७५ युनिट होतात, पंखे आणि दिवे वेगळे. खोलीत अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय एकही यंत्र लावू नये. दोन संगणकांमागे एक छोटा यूपीएस असला की वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो, आणि अर्ज भरताना शेवटच्या पानावर वीज गेल्याचे दुःख टळते.

संगणकप्रणालीसाठी उबंटूसारखे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यावर लिखाण-हिशेबासाठी लिब्रेऑफिस, चित्रांसाठी जिंप, रेखाटनासाठी इंकस्केप घेतल्यास परवान्याचा खर्च लागत नाही आणि चोरीची प्रत वापरण्याची लाजही राहत नाही. तथापि, नोकरी देणारे बहुतेक ठिकाणी विंडोज आणि एक्सेल वापरतात, म्हणून निदान दोन यंत्रांवर परवान्यासह विंडोज असावे. इंटरनेट तुटक असेल तरी शिकणे थांबू नये यासाठी दोन गोष्टी आधीच उतरवून ठेवाव्यात : इंटरनेटशिवाय वाचता येईल असा मराठी विकिपीडिया किविक्स या सॉफ्टवेअरमधून, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी आवाजातले धडे. हे धडे दहा-पंधरा मिनिटांचे असतात, ते एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला तेच काम करत शिकता येते, आणि थोडे थांबत शिकणाऱ्या मुलीला इतरांसमोर पुन्हा विचारण्याचा संकोच वाटत नाही.

टेबलाशी बसणारे माणूस

ज्या कल्पनेतून अशी केंद्रे जगभर पसरली तिचा थोडा इतिहास इथे उपयोगी आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात अँटोनिया स्टोन या शिक्षिकेने १९८३ मध्ये गरीब वस्तीसाठी संगणक खुले करणारे केंद्र सुरू केले. १९९३ मध्ये बोस्टनच्या संगणक संग्रहालयात मुलांसाठी ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ निघाले, जिथे मुले स्वतःच्या कल्पनेचे काम करत आणि मोठी माणसे त्यांच्या शेजारी बसून मदत करत. आपल्याकडे १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला आणि मुले आपापसांत बरेच शिकतात हे दाखवले. त्या प्रयोगाचे कौतुक झाले ते योग्यच होते, पण नंतर पाहणी करणाऱ्यांनी हेही नोंदवले की शिकवणारे कोणी नसल्यामुळे मुलांचा बराच वेळ खेळात आणि चित्रे रंगवण्यात गेला. कुतूहल जागे करण्याचे काम यंत्र करते. मुलीला त्यापुढे शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत किंवा नोकरीच्या चाचणीपर्यंत नेण्यासाठी शेजारी माणूस लागते.

हे माणूस संगणकशास्त्रातले पदवीधर असण्याची मुळीच गरज नाही. बारावी झालेली, वस्तीतलीच, एमएस-सीआयटी केलेली आणि घरी तेलुगू बोलणारी मुलगी बाहेरून येणाऱ्या अभियंत्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते, असा माझा ठाम अनुभव आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांत घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी आणि पडद्यावरची इंग्रजी असते. अक्कलकोटकडून आलेल्या घरांत कन्नड असते, काही घरांत उर्दू. ‘फोल्डर’ म्हणजे काय हे मुलाला घरच्या भाषेत एकदा सांगितले की पुढचे मराठीत चालते. या मुलीला मानधन द्यावे, मग ते कितीही लहान असो. स्वयंसेवक परीक्षेच्या दिवसांत गायब होतात आणि त्यांना दोष देता येत नाही. पण दार रोज ठरलेल्या वेळी उघडले नाही तर वस्तीचा विश्वास उडायला पंधरा दिवस पुरतात.

काय शिकवावे

सुरुवात टंकलेखनापासून करावी, कारण त्यात प्रगती आकड्यांत दिसते आणि मुलांना ती आवडते. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणजे हे कौशल्य थेट भरतीच्या जाहिरातीशी जोडलेले आहे. ज्या परीक्षेला मुलगी बसणार तिथे कोणता कळफलक चालतो हे संस्थेकडे आधी विचारून घ्यावे. तशी अडचण नसेल तेव्हा इन्स्क्रिप्ट शिकवावा. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि आपल्या केंद्रासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच आहे : ज्या कळीवर देवनागरी ‘क’ येतो तीच कळ तेलुगूत आणि कन्नडमध्येही ‘क’ देते. मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलीने आजीसाठी तेलुगूत पत्र टाइप करून दाखवले, तो दिवस आमच्या केंद्रात सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे.

त्यानंतर स्प्रेडशीट. पुस्तकातली खोटी गुणपत्रिका घेऊन शिकवण्यापेक्षा मुलांच्या घरातले खरे हिशेब घ्यावेत : आठवड्यात आईने किती विड्या दिल्या, किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या गेल्या, मजुरी किती मिळाली, किंवा मागावर किती चादरी निघाल्या आणि सुताचे किती वजन लागले. अशा पानावर बेरीज, सरासरी आणि टक्केवारी शिकलेली मुलगी ते कधी विसरत नाही, आणि आपल्या आईचे किती काम मजुरीविना जाते हे ती पहिल्यांदा आकड्यांत पाहते. पुढे ज्यांना गोडी लागेल त्यांना टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीची बिले आणि मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल शिकवावे. अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांना असे काम करणारे माणूस लागते, आणि शहरातल्या टॉवेल, चादर आणि गणवेश तयार करणाऱ्या व्यवसायांनाही लागते.

प्रोग्रामिंग शिकवताना मी एक गोष्ट आवर्जून करतो, ती इथे सविस्तर सांगतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर निघते. त्या मागाला पुठ्ठ्याची भोके पाडलेली पत्ती लावतात. जिथे भोक असते तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, जिथे नसते तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा (आडवा) धागा जातो. प्रत्येक पत्ती म्हणजे नक्षीची एक ओळ. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी हे यंत्र सिद्ध केले, चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पत्ती घेतली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवरच मोजणी केली. भोक म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य. मुलांना चौकटीच्या कागदावर सोळा बाय सोळाच्या घरांत एक फूल काढायला सांगावे, प्रत्येक ओळ एक-शून्यांत लिहून घ्यावी, आणि मग तीच ओळ संगणकात घालून पडद्यावर फूल उमटवावे. ज्याचे वडील वीस वर्षे मागावर उभे आहेत तो मुलगा दुसऱ्या दिवशी कारखान्यातून जुनी फाटकी पत्ती घेऊन येतो आणि सगळ्यांना वाचून दाखवतो. त्या दिवसापासून संगणक ही त्याला दुसऱ्या कोणाची वस्तू वाटत नाही. याच वाटेने पुढे इंकस्केप आणि जिंपमध्ये नक्षीकाम शिकवता येते, आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी संगणकावर डिझाइन करणे हा या शहरातला खरा, पगार देणारा व्यवसाय आहे.

अर्जांचे टेबल

आठवड्यातून दोन दिवस एक यंत्र केवळ वस्तीतल्या लोकांच्या अर्जांसाठी राखून ठेवावे आणि ते अर्ज तरबेज झालेल्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली भरून द्यावेत. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र शासनाचे शैक्षणिक साहाय्य राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते, राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या संकेतस्थळावर असतात, आणि पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सेवेतून देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या कामांत आधी नाव, जन्मतारीख आणि बँक खाते जुळते का हे तपासावे. जुन्या नोंदींत विडी कामगार बायकांची माहेरची आणि सासरची नावे मिसळलेली असतात आणि दावा नेमका तिथेच अडतो.

या टेबलावर शिस्त कडक हवी. कोणाचाही ओटीपी आपण मागायचा नाही, त्यांनीच तो टाइप करायचा. आधारच्या प्रती केंद्रात ठेवायच्या नाहीत, यंत्रावर उतरवलेली कागदपत्रे त्याच दिवशी पुसायची, आणि ब्राउझर पाहुण्याच्या (गेस्ट) खात्यातच उघडायचा. अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो किंवा माहिती पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नये. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही मुलांच्या माहितीबाबत पालकांची संमती मागतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची आणि मुलांशी गैरवर्तनाची शंका आली तर १०९८ या क्रमांकावर कळवायचे, हे दोन्ही आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. खोलीचे दार वर्ग चालू असताना उघडे असावे आणि कोणीही प्रौढ माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

नोंदणी आणि पैसा

पहिले वर्ष एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या छत्राखाली काढणे सर्वांत सोपे. स्वतंत्र संस्था काढायची झाल्यास सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी आयकर खात्याची, १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी करसवलतीची नोंदणी तसेच १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज आवश्यक आहे. मुलांकडून नाममात्र शुल्क घ्यावे की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते महिन्याला ठरावीक लहान रक्कम घ्यावी, पण ती न देणाऱ्याला कधी परत पाठवू नये आणि कोण देते, कोण देत नाही हे वर्गात कळू देऊ नये.

नोकरीच्या वाटेवर

शिकलेल्या मुलाला सर्वांत आधी गाठतात ते फसवणारे. घरबसल्या डेटा एंट्री, पानामागे इतके रुपये, आधी नोंदणीचे हजार-दोन हजार भरा. मग काम नाकारले जाते आणि करार मोडला म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस मोबाइलवर येते. अशा जाहिराती मुलांनी स्वतः वर्गात आणाव्यात आणि सगळ्यांनी मिळून त्या वाचाव्यात. काम देण्यासाठी आधी पैसे मागणारा मालक खरा नसतो, एवढे वाक्य मुलांच्या तोंडी बसले तरी पुष्कळ झाले.

खऱ्या वाटा हळू असतात. आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी घेता येते, त्यात विद्यावेतन मिळते. शहरातल्या दहा-बारा लहान कारखानदारांना, हिशेबनीसांना आणि छपाईवाल्यांना प्रत्यक्ष भेटून एका मुलाला पंधरा दिवस सोबत बसू द्याल का, असे विचारावे. आमच्या अनुभवात दहांपैकी तिघे हो म्हणतात, आणि त्या तिघांतून पुढची ओळख निघते. पुण्याला जायला निघालेल्या मुलाला थांबवू नये, पण राहण्याचा आणि जेवणाचा खर्च पगारातून वजा करून काय उरते हे त्याच्याबरोबर त्याच स्प्रेडशीटवर मांडावे, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

नोंदवही

शेवटचे काम दर महिन्याला करायचे आहे. हजेरीच्या वहीत जी मुले यायची थांबली त्यांच्या नावापुढे खूण करून, शिकवणाऱ्या मुलीने त्या महिन्यातच त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे आणि ते कारण वहीत लिहावे. लग्न ठरले, भाऊ रात्रपाळीला लागला म्हणून दिवसा खोलीत तोच झोपतो, चष्मा लागला आहे पण आणलेला नाही, शेजारच्या मुलाने चेष्टा केली : आमच्या वहीत ही कारणे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांवर वेळ बदलून, चष्मा आणून किंवा त्या मुलाशी बोलून काही करता आले. वर्ष संपताना किल्लीची एक प्रत या वहीत सर्वाधिक हजेरी असलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या घरी ठेवावी, त्यांतली एक मुलगी असावी, आणि दार उघडण्याचा पुढच्या वर्षाचा क्रम त्या दोघांनी ठरवावा.